बुडणाऱ्या बँकेचे ‘सार्वजनिक हित’ ठरवितो कोण?

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर हे छोटे गाव आहे. (जलविद्युत प्रकल्पामुळे नावारूपाला आलेले अकोले तालुक्यातील घाटघर निराळे.) कोकणातून देशावर चढणारा प्राचीन व्यापारी मार्ग येथेच पठाराला लागत असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण असून व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होत असे, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख असल्याने इतिहासाचे अभ्यासक येथे आवर्जून येतात. अर्थकारणाच्या अभ्यासकाने मात्र येथून पुढे जुन्नरपर्यंत जावे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे धर्मादायाची रक्कम गुंतविल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात हा व्यवहार अधिक तपशिलाने येतो. विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, तर दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवण्यात आले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भिक्षूंचा खर्च भागवायचा, अशी ही ‘अक्षयनीवी’ होती.

मुद्दल अक्षय राहील, हा विश्वास ठेवीच्या व्यवहाराचा पाया आहे. श्रेणी मोडली तर काय करावयाचे, हे शिलालेखात सांगितलेले नाही. त्यानंतर दोन हजार वर्षांनी, बँक मोडली तर काय करावयाचे, हे सांगणारे कायदे झाले. या कायद्यांत एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो, तो म्हणजे ‘सार्वजनिक हित’. बँकेला परवाना द्यावयाचा तो सार्वजनिक हितासाठी, तिच्यावर निर्बंध घालावयाचे ते सार्वजनिक हितासाठी, तिला दुसऱ्या बँकेत विलीन करावयाचे ते सार्वजनिक हितासाठी आणि तिला कुलूप लावावयाचे तेही सार्वजनिक हितासाठीच. हा शब्द कोणत्या बँकेला तारतो आणि कोणत्या बँकेला बुडवितो, याचे उत्तर महाराष्ट्रातील ठेवीदारांना गेल्या दोन दशकांत अनेक वेळा शोधावे लागले आहे. ते उत्तर दर वेळी वेगळे आले.

प्रथम कायदा पाहू. बँकिंग नियमन कायदा १९४९ चा. त्यातील कलम २२ परवान्याचे. परवाना देताना ज्या बाबींची खात्री करून घ्यावयाची त्यांत सार्वजनिक हिताचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम ३५-अ अन्वये रिझर्व्ह बँक निर्देश काढते. पैसे काढण्यावर मर्यादा येते ती याच कलमाने. ‘बँकेवर पस्तीस-अ लागले’ हे वाक्य पुण्या-मुंबईतील ठेवीदारांच्या बोलण्यात रुळले आहे. तिसरे कलम ४५. त्यानुसार रिझर्व्ह बँक केंद्र सरकारकडून बँकेच्या व्यवहारांना स्थगिती मिळवू शकते आणि तिच्या पुनर्रचनेची किंवा विलीनीकरणाची योजना तयार करू शकते. योजनेचा मसुदा संबंधित बँकांकडे सूचना व हरकतींसाठी जातो, नंतर केंद्र सरकारची मंजुरी लागते आणि मंजूर योजना सर्वांवर बंधनकारक होते. सभासदांची सर्वसाधारण सभा तिला विरोध करू शकत नाही.

कलम ४५ मुळातल्या कायद्याला नंतर जोडले गेले, आणि त्याला कारण घडले १९६० मधील पडझडीचे. त्या वर्षी लक्ष्मी बँक बुडाली आणि ऑगस्टमध्ये केरळातील पालई सेंट्रल बँक बंद झाली. ठेवीदारांत घबराट पसरली. त्याच वर्षी सक्तीच्या विलीनीकरणाचा अधिकार कायद्यात आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा विम्याची मर्यादा १,५०० रुपये होती. मे १९९३ मध्ये ती एक लाखावर गेली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर. म्हणजे बुडणाऱ्या बँकेबाबत देशाने दोन मार्ग एकाच काळात आखले. एक मार्ग बँकेचे कामकाज दुसऱ्याच्या हाती देऊन चालू ठेवण्याचा, दुसरा बँक बंद करून छोट्या ठेवीदाराला विम्याची रक्कम देण्याचा. कोणती बँक कोणत्या मार्गाने जाईल, हे ठरविण्याची कसोटी म्हणजेच सार्वजनिक हित.

कलम ४५ मध्ये ही कसोटी कशी लिहिली आहे, ते बारकाईने वाचण्याजोगे आहे. चार कारणे दिली आहेत. सार्वजनिक हित, किंवा ठेवीदारांचे हित, किंवा बँकेचे व्यवस्थापन सुधारणे, किंवा देशाच्या एकूण बँकव्यवस्थेचे हित. चारही कारणे ‘किंवा’ने जोडलेली आहेत. यांपैकी कोणतेही एक पुरे. सार्वजनिक हित म्हणजे काय, याची व्याख्या नाही. ते कसे मोजावे, कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, निर्णयाची कारणे जाहीर करावीत की नाही, हेही नाही. रिझर्व्ह बँकेचे ‘समाधान’ झाले, एवढे कायद्याला पुरते.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात याच्या नेमकी उलट पद्धत स्वीकारली. तेथे तीन अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत. बँक बुडत आहे किंवा बुडण्याच्या बेतात आहे. खासगी मार्गाने ती वेळेत सावरण्याची शक्यता नाही. आणि हस्तक्षेप सार्वजनिक हिताचा आहे. तिसऱ्या अटीची फोडही केलेली आहे. अर्थव्यवस्थेला आवश्यक अशी बँकेची कामे खंडित होऊ नयेत, वित्तीय स्थैर्याला धक्का बसू नये, सरकारी पैसा वाचावा, विमासंरक्षित ठेवीदार सुरक्षित राहावेत आणि ग्राहकांची मालमत्ता शाबूत राहावी, ही उद्दिष्टे समोर ठेवावयाची. नंतर एक तुलनात्मक प्रश्न विचारावयाचा. सामान्य दिवाळखोरीच्या प्रक्रियेने ही उद्दिष्टे तितक्याच प्रमाणात साधतील का? साधणार असतील, तर विशेष हस्तक्षेप नाही. बँक इतर कोणत्याही कंपनीसारखी अवसायनात जाईल.

कागदावर ही रचना चोख दिसते. प्रत्यक्षात २०१७ च्या जून महिन्यातच तिची परीक्षा झाली. ७ जूनला स्पेनमधील बँको पॉप्युलर एका युरोला सांतांदेर बँकेच्या स्वाधीन करण्यात आली. सार्वजनिक हिताची कसोटी पूर्ण झाली, असा निष्कर्ष होता. अवघ्या दोन आठवड्यांनी इटलीच्या व्हेनेतो प्रांतातील दोन बँकांबाबत निष्कर्ष उलटा आला. व्हेनेतो बांका आणि बांका पोपोलारे दि व्हिचेन्झा या बँकांचे व्यवहार अर्थव्यवस्थेला अपरिहार्य नाहीत, असे युरोपच्या मंडळाने ठरविले. इटलीच्या सरकारने मात्र त्या बुडाल्या तर प्रांताचे नुकसान होईल असे म्हणून, आपल्या राष्ट्रीय कायद्याखाली त्या गुंडाळताना सुमारे पावणेपाच अब्ज युरो रोख आणि वर हमी दिली. ब्रुसेल्सहून पाहता ज्या बँकेत सार्वजनिक हित दिसले नाही, ते रोमहून ठळक दिसले. हित कोणाचे, हा प्रश्न ‘किती दुरून पाहायचे’ या प्रश्नाशी बांधलेला असतो. त्यामुळेच २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने ही कसोटी लावताना प्रादेशिक पातळीवरील परिणामही पाहावेत, असा बदल सुचविला.

महाराष्ट्रात परत येताना साताऱ्याचा मुक्काम घ्यावा लागेल. युनायटेड वेस्टर्न बँक ही १९३६ मध्ये स्थापन झालेली, पश्चिम महाराष्ट्राच्या व्यापारी व मध्यमवर्गीय कुटुंबांची खासगी बँक. शाखा सुमारे २३०. भांडवल पुरेसे न राहिल्याने २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्यावर व्यवहारस्थगिती आली. घेण्यासाठी इच्छुक बँकांची रांग लागली. राज्य सरकारच्या सिकॉमनेही पुढाकार घेतला. दहा दिवसांत आयडीबीआयची निवड झाली आणि ३ ऑक्टोबरपासून विलीनीकरण अमलात आले. ठेवीदारांचा एक पैसा बुडाला नाही. भागधारकांना प्रत्येक समभागामागे २८ रुपये मिळाले. साताऱ्याची बँक साताऱ्याची राहिली नाही, याचे दुःख तेव्हा पुष्कळांना झाले व ते अनाठायी नव्हते. परंतु बँकेच्या निराकरणाचे उदाहरण म्हणून हे प्रकरण आजही उत्तम ठरते. स्थगिती महिनाभर टिकली.

येस बँकेचे प्रकरण याहूनही वेगवान. ५ मार्च २०२० रोजी स्थगिती आली, ५० हजारांची मर्यादा लागली आणि १८ मार्चला उठली. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखाली बँकांनी भांडवल घातले. ठेवीदार सुरक्षित राहिले. फटका बसला तो सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे विशेष रोखे घेणाऱ्यांना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक दहा दिवसांत डीबीएसकडे गेली आणि तिच्या भागधारकांचे भांडवल शून्य झाले.

या सर्व बँका कंपनी कायद्याखालील होत्या. सहकारी बँकांची कथा वेगळी आहे. २०२० पर्यंत कलम ४५ मधील सक्तीच्या विलीनीकरणाची तरतूद त्यांना लागूच नव्हती. परवाना रिझर्व्ह बँकेचा, नोंदणी सहकार निबंधकाची. विलीनीकरण व्हावयाचे तर दोन्ही बँकांची तयारी हवी आणि दोन्ही नियंत्रकांची संमती हवी. या दुहेरी नियंत्रणाच्या फटीत कोण अडकले, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पुण्यातच आहे.

रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ मध्ये स्थापन झाली. पुण्याच्या पेठांतील पिढ्यान् पिढ्या तिच्यात खाते ठेवीत आल्या. बेशिस्त कर्जवाटपामुळे ती डबघाईला आली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिच्यावर निर्बंध आले. पुढे साडेनऊ वर्षे बँक ना जिवंत ना मृत अशी राहिली. प्रशासकांनी खर्च कमी केला, थकीत कर्जे वसूल केली. विलीनीकरणाचे प्रस्ताव आले आणि विरले. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचा प्रस्ताव पुढे सरकला नाही. २०२२ च्या प्रारंभी सारस्वत बँकेने स्वारस्य दाखविले, तेही फळाला गेले नाही. ८ ऑगस्ट २०२२ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. कारणांत पुरेसे भांडवल नसणे, कमाईची शक्यता नसणे आणि ठेवीदारांचे पूर्ण पैसे देण्याची क्षमता नसणे यांबरोबर शेवटी तो शब्द आलाच. बँकेला व्यवहार चालू ठेवू दिल्यास सार्वजनिक हिताला बाधा येईल, असे रिझर्व्ह बँकेने नमूद केले. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही काळ स्थगिती दिली होती. अखेर ११० वर्षांची ही संस्था अवसायनात गेली.

रुपी बँकेचे दार बंद होण्याच्या अवघे सात महिने आधी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसीचे, दार दुसऱ्या नावाने पुन्हा उघडले होते. पीएमसीचा घोटाळा तर कितीतरी मोठा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ओरड झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने वाढली. एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ते दडविण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखविण्यात आली होती. दर्जा पाहता ही बँक रुपीपेक्षा वाचविण्यास अधिक लायक होती, असे कोणी म्हणणार नाही. तरी ती वाचली.

दोघींमधील फरक आकाराचा होता, हे उघड आहे. पीएमसीच्या ठेवी ११ हजार कोटींवर, शाखा १३७ आणि त्या अनेक राज्यांत. रुपीच्या ठेवी याच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतक्या आणि शाखा पस्तीसच्या आसपास. मोठी बँक कोसळली तर इतर नागरी बँकांवरील विश्वासही ढासळतो, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु निर्णायक ठरली ती दुसरी गोष्ट. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएमसीने गुंतवणूकदारांकडून प्रस्ताव मागविले. सेंट्रम समूहाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रस्ताव दिला आणि जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला लघुवित्त बँक काढण्याची तत्त्वतः मंजुरी दिली. सेंट्रम व भारतपे यांची युनिटी स्मॉल फायनान्स बँक उभी राहिली आणि २५ जानेवारी २०२२ पासून पीएमसी तिच्यात विलीन झाली. थोडक्यात, पीएमसी घेणाऱ्याला तिच्या बुडीत कर्जांसोबत नव्या बँकेचा परवाना मिळाला. बँकेचा परवाना ही भारतात दुर्मीळ वस्तू आहे. तो सरकारी तिजोरीतील पैसा नसला तरी सार्वजनिक संपत्तीच आहे. पीएमसीच्या तराजूत हे वजन पडले. रुपीच्या तराजूत असे काही पडले नाही, आणि का पडले नाही याचा खुलासा कोणत्याही आदेशात सापडत नाही.

वास्तविक २०२० नंतर दोन्ही बँकांना कायदा एकच होता. बँकिंग नियमन कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम ४५ नागरी सहकारी बँकांनाही लागू झाले. जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकांना ही दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. सक्तीच्या विलीनीकरणाचा अधिकार हाती असताना तो एकीसाठी वापरला गेला, दुसरीसाठी नाही.

रुपी बँकेच्या बाबतीत आणखी एक पेच घडला व तो चांगल्या हेतूतून घडला. २०२१ च्या दुरुस्तीने ठेव विमा महामंडळावर बंधन आले की, बँकेवर निर्बंध लागताच ९० दिवसांत विमासंरक्षित ठेवीदाराला पैसे द्यावयाचे. अवसायनाची वाट पाहावयाची नाही. वर्षानुवर्षे ताटकळलेल्या छोट्या ठेवीदारांसाठी ही सुधारणा मोलाची होती. रुपीच्या ठेवीदारांना मे २०२२ पर्यंत ७०० कोटी रुपये मिळाले आणि ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यातून निघते, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. परंतु विम्याची रक्कम दिली की ते देणे महामंडळाला परत करण्याची जबाबदारी बँकेवर, आणि तिला घेणाऱ्यावर, येऊन पडते. खातेदार पैसे घेऊन निघून गेलेले, उरल्या त्या इमारती, थकीत कर्जे आणि महामंडळाचे देणे. अशी बँक कोण घेणार? बुडणाऱ्या बँकेत विकण्याजोगे काही असेल तर ते तिचे ग्राहक. त्यांना आधी मोकळे केले की विलीनीकरणाची शक्यता मावळते. त्यांना अडकवून ठेवले तर लोक औषधपाण्यालाही मोताद होतात. ९० दिवसांच्या मुदतीत विलीनीकरण जुळत असेल तर ती आणखी ९० दिवसांनी वाढविण्याची सोय कायद्यात आहे. नव्याने अडचणीत येणाऱ्या बँकेला ही सोय उपयोगी पडेल. नऊ वर्षे खितपत पडलेल्या बँकेला ती उशिरा लाभली.

वेळेचे महत्त्व मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेने दाखवून दिले. तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचे प्रकरण पुढे आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांत प्रश्न मिटला. ठेवीदारांना पूर्ण संरक्षण मिळाले. येथे कलम ४५ ची सक्ती वापरावी लागली नाही. सशक्त बँक पुढे आली, एवढे पुरले.

म्हणजे महाराष्ट्रातील अनुभव असे सांगतो की, सार्वजनिक हिताची कसोटी लावली जाते असे म्हणण्यापेक्षा घेणारा मिळाला की सार्वजनिक हित सिद्ध होते, न मिळाला की त्याच शब्दाने कुलूप लागते. अमेरिकेतही मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेच्या विमामर्यादेपलीकडील सर्व ठेवींना संरक्षण देण्यात आले तेव्हा टीका झालीच. मात्र असा अपवाद करावयाचा तर तेथे ठेव विमा महामंडळ आणि फेडरल रिझर्व्ह या दोन्ही मंडळांचे दोनतृतीयांश बहुमत, अर्थमंत्र्यांचा निर्णय आणि राष्ट्राध्यक्षांशी विचारविनिमय आवश्यक असतो. नंतर संसदेची लेखापरीक्षण यंत्रणा त्याची तपासणी करते. निर्णय चुकला असेल, पण कोणी आणि कशासाठी घेतला हे विचारता येते. भारतातही स्वतंत्र निराकरण महामंडळ स्थापण्याचे विधेयक ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत आले होते. ठेवीदारांच्या पैशातून बँकेचे नुकसान भरून काढण्याच्या ‘बेल-इन’ तरतुदीने ते गाजले आणि वर्षभरात मागे घेण्यात आले. ती तरतूद जाण्यास हरकत नव्हती. तिच्यासोबत कसोटी लिहून काढण्याची संधीही गेली, याची चर्चा फारशी झाली नाही.

आता घाटघरसारख्या गावाकडे पाहिले तर हा प्रश्न किती निरनिराळ्या रूपांत उभा राहतो, हे ध्यानात येईल. सह्याद्रीच्या माथ्यावरील शेतकऱ्याचे पीककर्ज विविध कार्यकारी सोसायटीतून येते. सोसायटीला पैसा देते ती जिल्हा मध्यवर्ती बँक. अशी बँक मोडली तर भातलावणीच्या तोंडावर कर्ज देणारे दुसरे दार पंचक्रोशीत असेलच असे नाही. मुंबईतील मोजपट्टीने ही बँक किरकोळ ठरेल. तालुक्याच्या मोजपट्टीने ती अपरिहार्य आहे. हे सरकारला अगदीच कळत नाही असे नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याच्या निकषाला न उतरलेल्या देशातील २३ जिल्हा बँकांना २,३७५ कोटी रुपयांच्या मदतीची योजना केंद्राने मंजूर केली. त्यांत नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या महाराष्ट्रातील तीन बँका होत्या. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील पीककर्ज हे त्यामागील सार्वजनिक हित. नाव न देता का होईना, तेथे कसोटी लावली गेली होती. पुणे-मुंबईच्या नागरी बँकेतील निवृत्त ठेवीदाराने मग विचारले की आमचे हित सार्वजनिक का नाही, तर त्याला उत्तर द्यावयास हवे.

दुसरे दार पतसंस्थेचे. येथे ग्रामीण ठेवीदाराने विशेष सावध असावे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिच्यातील ठेवीला ठेव विमा नसतो. पाच लाख सोडाच, पाच रुपयांचाही नाही. ती मोडली तर कलम ४५ तिच्याकडे वळून पाहत नाही. शिवाय पतसंस्था स्वतःचा पैसा कोठेतरी ठेवतेच. सहकार कायद्याच्या कलम ७० ने तो कोठे ठेवावा यावर बंधने आहेत, आणि तो पुष्कळदा सहकारी बँकांतच असतो. ती बँक बुडाली तर हजारो सभासदांची पतसंस्था विम्याच्या दृष्टीने केवळ एक ठेवीदार ठरते. तिला मिळणार पाच लाख. एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी, मुद्दल व व्याज मिळून, ही मर्यादा असते, हेही अनेकांना ऐन वेळी कळते.

पीएमसीच्या योजनेत हा फरक आकड्यांत दिसतो. व्यक्तिगत ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यावरील रकमेसाठी हप्ते ठरले. पहिल्या व दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येकी ५० हजार, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, चौथ्या वर्षाअखेर अडीच लाख, पाचव्या वर्षाअखेर साडेपाच लाखांपर्यंत आणि उरलेली सर्व रक्कम दहा वर्षांनी. ३१ मार्च २०२१ नंतर पाच वर्षे व्याज नाही. पुढे शिल्लक रकमेवर वार्षिक पावणेतीन टक्के. संस्थात्मक ठेवीदारांना, म्हणजे पतसंस्था, गृहनिर्माण संस्था व विश्वस्त संस्थांना, पाच लाखांवरील रकमेसाठी हप्तेही नाहीत. त्यांच्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे एक टक्का लाभांशाचे, मुदतीविना असलेले प्राधान्य समभाग झाले आणि उरलेल्या २० टक्क्यांचे समभाग-वॉरंट. इमारतीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमविलेल्या गृहनिर्माण संस्था एका अधिसूचनेने लघुवित्त बँकेच्या गुंतवणूकदार झाल्या. ‘बेल-इन’ हा शब्द देशाने २०१८ मध्ये परत पाठविला होता; त्याच जातीची वस्तू २०२२ मध्ये आली, ती कलम ४५ च्या योजनेतून.

योजना करताना कोणाचा तरी तोटा होणारच होता. बँकेत पैसा नव्हता. पण पतसंस्थेच्या सभासदाची ठेव व्यक्तिगत ठेवीदारापेक्षा कमी संरक्षणाची का, एक हजार रुपयांवर दिवस काढणाऱ्या मुंबईकर खातेदाराने दहा वर्षे थांबणे आणि येस बँकेच्या खातेदाराने तेरा दिवस थांबणे, यांत सार्वजनिक हिताचे कोणते गणित होते, हे लेखी मांडले गेले असते तर त्यावर वाद तरी घालता आला असता. व्हेनेतोच्या बँकांबाबत युरोपच्या मंडळाने काढलेला निष्कर्ष अनेकांना पटला नाही. परंतु तो कारणांसह प्रसिद्ध झाला, म्हणून त्यातील उणीव दाखविता आली आणि कसोटी बदलण्याची चर्चा सुरू झाली. भारतात योजनेची अधिसूचना राजपत्रात येते, संसदेपुढे ठेवली जाते. तिच्यात कोणाला किती व कधी मिळणार हे असते. पर्यायांचा विचार कसा झाला, ते नसते.

रुपी बँकेतील पाच लाखांवरील ठेवींचा हिशेब आता अवसायकाकडे आहे. थकीत कर्जांतून जे वसूल होईल त्यातून ठेव विमा महामंडळाचे देणे आधी फेडावयाचे आणि उरेल ते या ठेवीदारांना वाटावयाचे, असा क्रम आहे. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांचा शेवटचा हप्ता योजनेनुसार २०३२ मध्ये देय होईल.